एकच बॅरल द्या, पण मग जाब ड्रायव्हरला विचारू नका

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार,
तसेच सेनादलांच्या रसद आणि इंधन विभागांतले वरिष्ठ अधिकारी यांस,

सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा. १९८८ साली भरती झालो, ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात, २४ वर्षं गाड्यांची इंजिनं उघडली आणि हवालदार म्हणून घरी आलो. आता गावात फ्युएल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पत्रं लिहिण्याची मला सवय नाही. गेल्या हिवाळ्यात पुतण्याचा फोन आला आणि तो जे बोलला त्यावरून जुनी एक गोष्ट पुन्हा डोक्यात बसली, म्हणून लिहितोय. विषय एकच: उंचावरच्या सैन्याच्या गाड्या, जनरेटर, शेगड्या आणि हेलिकॉप्टर यांना एकच इंधन द्यावं, पण ते नीट द्यावं. पुतण्या सैन्यात गाडीवर आहे. कुठे आणि कोणत्या तुकडीत ते इथे लिहिणं बरं नाही, आपण समजून घ्याल.

तो म्हणाला, "काका, जनरेटरमध्ये चुकून पेट्रोल गेलं. डिझेलचा सेट होता. रात्री बर्फ पडलेला, बॅरलवरची अक्षरं दिसत नव्हती." नुकसान फार झालं नाही. सेट बसला, एक रात्र अंधारात गेली, एवढंच. पण मला आठवला माझा एक जोडीदार. सांगलीकडचा होता.

साल सांगत नाही, जागाही नाही. उंचावरची चौकी. बुखारी रॉकेलवर चालायची. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, वर धुराडं. आदल्या दिवशी खालून जरीकॅन आले होते. कॅनवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं, पण खेचराच्या पाठीवर दोराने घासून ती अक्षरं अर्धी गेलेली. वास घ्यावा तर सगळ्यांचीच नाकं सर्दीने बंद. त्याने बुखारीत ओतलं ते पेट्रोल निघालं. आवाज झाला, फार मोठा नाही, ओल्या कापडाचा फटका बसावा तसा. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून गेले. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर त्या दिवशी येऊ शकलं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. तो वाचला. पुढे बटण लावायलाही त्याला दुसऱ्याची मदत लागायची. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला: हाताळणाऱ्याचा निष्काळजीपणा.

ते हेलिकॉप्टर ज्यावर उडालं ते इंधन म्हणजे जवळजवळ रॉकेलच. त्याला आपण एटीएफ म्हणतो, म्हणजे विमानाचं इंधन. अधिक शुद्ध, अधिक नियमात बसवलेलं, पण जातकुळी रॉकेलचीच. तेच इंधन बुखारीतही जळलं असतं. थोडी काळजी घेतली तर ट्रकमध्येही चाललं असतं. एकाच चौकीवर वेगवेगळ्या बॅरलांतून पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि हेलिपॅडशेजारी एटीएफ ठेवण्याची गरजच मुळात किती होती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. नाटोच्या देशांनी १९८०च्या दशकातच हा मार्ग धरला. मार्च १९८८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आदेश काढला की जमिनीवरच्या सैन्याला आणि तिथल्या विमानांना शक्य तिथे एकच इंधन, जेपी-८, द्यायचं. जेपी-८ म्हणजे आपल्या विमानतळावर मिळतं ते जेट ए-१, वर तीन औषधं घातलेलं: एक पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून, एक गंज आणि घर्षण कमी व्हावं म्हणून, एक स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून. त्याआधी त्यांची विमानं जेपी-४ वर उडायची. त्यात पेट्रोलचा अंश मोठा, गोळी लागली की भडका. व्हिएतनाममध्ये त्याचे चटके खाल्ल्यावर त्यांनी ते हळूहळू सोडलं.

मी या एकाच इंधनाच्या योजनेच्या बाजूने आहे हे आधीच सांगतो. पुढे टीका येईल ती विरोधाची समजू नये.

आपल्याकडे या योजनेची खरी जागा लडाख. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर. हिवाळ्यात ती खिंड बंद होते. मनालीकडून जावं तर अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला खरा, पण बोगद्यापुढे बारालाचा आणि तांगलांगला या उंच खिंडी आहेतच. त्यामुळे बर्फ पडायच्या आत हिवाळ्याचा साठा चढवायचा. २०२० च्या गलवाननंतर तिथे माणसं आणि गाड्या किती वाढल्या हे मी आपल्याला सांगायला नको. प्रत्येक इंधनाचा वेगळा टँकर, वेगळा साठा, वेगळा हिशोब. एक संपलं की दुसरं भरपूर असूनही उपयोगाचं नाही. डिझेलअभावी उभा असलेला ट्रक आणि त्याच्यापासून दोनशे पावलांवर एटीएफची भरलेली बॅरलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

थंडीत डिझेलचं काय होतं तेही पाहिलंय. मैदानी डिझेल तुपासारखं थिजतं. आधी ढगाळ दिसतं, मग फिल्टरवर मेण बसतं, मग इंजिन एकदा खोकतं आणि बंद. पहाटे चार वाजता गाडीखाली आडवं पडून डिझेलच्या टाकीखाली चिंधी पेटवणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. त्यांना हसू नका, दुसरा उपाय नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. चांगली गोष्ट झाली. पण म्हणजे बॅरलांच्या रांगेत एक बॅरल आणखी वाढलं. जेट ए-१ मुळातच उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. मग माझं दुकान मध्ये येतं.

माझ्याकडे येणाऱ्या दहा पंपांपैकी दोन-तीन पंप रॉकेलने मेलेले असतात. आता रेशनचं निळं रॉकेल कमी झालंय, पण एक काळ असा होता की डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं हा आपल्या राज्यात धंदाच होता. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ याच भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. महाराष्ट्र ते विसरलेला नाही. अशा भेसळीच्या डिझेलवर चाललेला रोटरी पंप, म्हणजे आतल्या फिरत्या रोटरने इंधन ढकलणारा पंप, उघडला की आत काय दिसतं? रोटरच्या आरशासारख्या पृष्ठभागावर उभ्या रेघा, नखाने ओरखडल्यासारख्या. बोट फिरवलं तर लागत नाहीत, पण उजेडात तिरकं धरलं की दिसतात. त्या रेघांतून दाब निसटतो. गाडी थंडीत सुरू होते, गरम झाली की बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही. ग्राहक म्हणतो बॅटरी गेली. बॅटरी नसते गेलेली.

कारण साधं आहे. डिझेल पंपाच्या आतल्या भागांना वेगळं तेल नसतं, बऱ्याच पंपांत वंगण म्हणजे डिझेलच. रॉकेल पातळ आणि कोरडं. डिझेलला आपल्या मानकात घर्षणाची कसोटी आहे, घासून पडलेला झिजेचा डाग ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. विमानाच्या इंधनाला ती कसोटी लागू नाही, त्याचं जग वेगळं. टर्बाइनला त्याची गरज वेगळी.

हे अमेरिकनांनी फार महागात शिकलं. १९९० मध्ये सौदी अरेबियात त्यांचं सैन्य उतरलं तेव्हा तिथे जेट ए-१ मुबलक होतं. तेच गाड्यांत घातलं, पुष्कळदा औषध न घालता. वाळवंटातलं ऊन, पातळ इंधन, वर रोटरी पंप. पंप धडाधड गेले आणि कितीतरी तुकड्यांनी गुपचूप पुन्हा डिझेल धरलं. अजून एक गंमत: त्यांचे अब्राम्स रणगाडे गरम एक्झॉस्टवर डिझेल फवारून धुराचा पडदा करायचे. जेट इंधनाने तो धूरच होईना, उलट आगीची भीती. एका कागदावर सही झाली आणि रणगाड्याचं एक संरक्षणच गेलं. कार्यालयात बसून हे कुणाला सुचलं नसतं, वर्कशॉपमधल्या माणसाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

म्हणून माझ्या तक्रारी अशा आहेत, आणि त्या योजनेवर कमी आणि ती राबवण्याच्या आपल्या नेहमीच्या पद्धतीवर जास्त आहेत.

पहिली तक्रार दिरंगाईची. जगाने ३५ वर्षांपूर्वी जे सुरू केलं त्याचे फायदे-तोटे दोन्ही उघड्यावर आहेत. आपल्याला चुका करायचीही गरज नाही, त्या करून झालेल्या आहेत. तरीही इंधनाचा विचार आपण खात्याखात्यात वाटून करतो. हेलिकॉप्टरवाल्यांचं वेगळं, गाडीवाल्यांचं वेगळं, स्वयंपाकघराचं वेगळं. चौकीवरच्या माणसाला मात्र हे सगळं एकाच डोंगरावर एकाच पाठीवरून चढवावं लागतं.

दुसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. उद्या आदेश निघाला की गाडीत एटीएफ भरा, तर वंगणाचं औषध कोण घालणार? मला भीती आहे की ते बाटलीतून ड्रायव्हरच्या हातात येईल. टाकीमागे इतके मिलिलिटर, पहाटे उणे २० मध्ये, हातमोजे घालून, टॉर्च दातात धरून. कमी पडलं तर पंप जातो. जास्त पडलं तरी चांगलं नाही. आणि पंप गेला की चौकशीत काय लिहिलं जातं हे मी वर सांगितलंच आहे. औषध डेपोतच मिसळलं गेलं पाहिजे, मोजून, नमुना घेऊन, सही करून. खालच्या माणसाच्या हातात फक्त तयार इंधन यावं.

तिसरी गोष्ट छोटी वाटेल, पण ज्याने गाडी चालवली त्याला विचारा. रॉकेल जातीचं इंधन डिझेलपेक्षा हलकं. एका लिटरमध्ये ऊर्जा थोडी कमी, गाडी आणि इंजिनाप्रमाणे काही टक्के कमी. म्हणजे एका लिटरला किलोमीटर कमी पडणार आणि चढावर गाडी ओढायला कमी. कार डायरीत, म्हणजे गाडीच्या नोंदवहीत, मात्र जुनाच आकडा धरून हिशोब होईल. "इतकं इंधन कुठे गेलं?" हा प्रश्न लेखापरीक्षकाकडून सुटतो आणि साहेबांवरून, सुभेदारावरून घरंगळत शेवटी ड्रायव्हरच्या पायाशी येऊन थांबतो. इंधन बदलायच्या आधी हे कोष्टक बदला.

चौथी: कोणत्या गाडीला चालेल आणि कोणत्या गाडीला नाही, याची यादी जवानाच्या हातात द्या. टी-७२ चं इंजिन मुळातच बहुइंधन आहे, त्याला फारसं काही वाटणार नाही. जुन्या ट्रकांचे इनलाइन पंप, म्हणजे ओळीने पिस्टन असलेले, ज्यांच्या कॅमला इंजिनऑइल मिळतं, तेही बरंच सहन करतात. रोटरी पंप करत नाहीत. आणि नवी कॉमन रेल इंजिनं, जिथे सगळ्या नोझलना एकाच नळीतून मोठ्या दाबाचं इंधन मिळतं, ती तर वेगळंच प्रकरण. तिथे दाब हजार बारच्या पुढे, फटी केसाहून बारीक. बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत १० भागांच्या, आत असतं. जेट ए-१ ला ३००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. प्रत्यक्षात ते बरंच कमी निघतं, पण मुभा आहे. ज्या गाडीच्या धुराड्यात फिल्टर आणि उत्प्रेरक बसवलेत तिला हे गंधक बाधतं. शिवाय डिझेलला किमान ५१ सीटेन, म्हणजे इंधन किती पटकन पेटतं त्याचा आकडा, लागतो, जेट इंधनाला सीटेनची अटच नाही. एका रिफायनरीचा माल उत्तम पेटेल, दुसरीचा थंडीत कटकट करेल. १७ हजार फुटांवर, जिथे हवाच अर्धी, तिथे ही कटकट परवडत नाही.

चोरीबद्दल थोडंच, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. चोरी ओळखू यावी म्हणून रेशनच्या रॉकेलसारखा एटीएफला निळा रंग घालता येत नाही, ते पाण्यासारखंच राहावं लागतं, आणि जे ट्रक, स्टोव्ह आणि हेलिकॉप्टर तिन्हीत चालतं ते बाजारातही कुठेही चालतं.

आरोग्याचं मात्र कुणी बोलत नाही. हे इंधन अंगावर सांडलं तर पेट्रोलसारखं चटकन उडून जात नाही. कपड्यात राहतं, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. बर्फ रोखणारं जे औषध विमानासाठी घालतात तेही कातडीला चांगलं नाही. ते घातलेलं इंधन बंद बंकरमधल्या बुखारीत आणि स्वयंपाकाच्या स्टोव्हमध्ये जळणार असेल तर आधी तिथली हवा मोजा. आठ माणसं त्या धुराड्याच्या भरवशावर झोपतात.

आता मागण्या. साध्या आहेत.

एक, झोजिलाच्या पलीकडच्या भागासाठी गाड्या, जनरेटर, बुखाऱ्या आणि हेलिकॉप्टर यांना एकच इंधन देण्याची चाचणी जाहीर करा. पूर्ण दोन हिवाळे. एका हिवाळ्यावर निकाल लावू नका, पंप पहिल्या वर्षी मरत नाही, दुसऱ्या वर्षी मरतो.

दोन, वंगणाचं औषध डेपोतच मिसळा.

तीन, चाचणीआधी प्रत्येक प्रकारचा पंप टेस्ट बेंचवर चढवा आणि निदान काहीशे तास चालवा. ज्या गाड्या बसत नाहीत त्यांच्या टाकीच्या झाकणावरच तसं लिहा. अक्षरं कोरा, रंगवू नका. रंग दोराने जातो, वर सांगितलं.

चार, चाचणीच्या काळात इंधन-खर्चाचा जुना आकडा बाजूला ठेवा आणि पंप निकामी झाला तर पहिली चौकशी इंधनाची करा, माणसाची नंतर.

पाच, छोटी पेट्रोलवरची यंत्रं उंचावरून काढा. जिप्सीसारखी गुणी गाडी पेट्रोलची होती, मलाही ती फार आवडायची, तिच्या जागी टाटाची डिझेलची सफारी स्टॉर्म येऊ लागली तेव्हा वर्कशॉपमध्ये निम्मे लोक हळहळले. पण हा बदल बरोबर दिशेचा होता. बुखारीजवळ पेट्रोलचा कॅनच नसेल तर माझ्या जोडीदारासारखे हात जाणार नाहीत. नवी खरेदी करताना छोटे जनरेटर आणि हीटर रॉकेल जातीच्या इंधनावर चालतील अशीच अट घाला.

सहा, एकदा गाडीच्या साठ्यात गेलेलं इंधन परत हेलिकॉप्टरकडे जाता कामा नये. हे आपले वैमानिक आधीच सांगतील, तरी लिहून ठेवतो. बॅरलच्या तळाला साचलेलं पाणी ट्रक सहन करतो. वरचा पायलट करत नाही.

नौदलाचं मी काही मागत नाही. जहाजाच्या पोटात आगीची भीती वेगळी. अमेरिकन नौदलही आपल्या विमानांसाठी ६० अंशांच्या खाली न पेटणारं जेपी-५ वेगळंच ठेवतं. "एकच" म्हणजे सगळीकडे एकच, असा हट्ट त्यांनीही धरला नाही आणि आपणही धरू नये.

शेवटी एक विनंती आहे. हा निर्णय घ्यायला जी समिती बसेल तिच्यात एक ड्रायव्हर आणि एक पंप-फिटर घ्या. खुर्ची नको, कोपऱ्यात उभे राहतील. पण विचारा.

माझ्या दुकानात दोन रोटर बाजूला काढून ठेवलेत. एक चांगल्या डिझेलवर आठ वर्षं चाललेला, एक भेसळीच्या डिझेलवर दीड वर्षात गेलेला. शेजारी शेजारी ठेवले की भिंग लागत नाही. आपल्यापैकी कुणी साताऱ्याकडे आलंच तर दाखवीन. दुकान सकाळी नऊला उघडतं, सोमवारी बंद असतं.

आपला,
ईएमईमधून निवृत्त एक हवालदार
तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा